डिशवॉशरचे दात

लग्न झाल्यापासून आमच्या घरात मी एकच निर्णय घेतलेला आहे, आणि तो सिंकच्या बाजूला ठेवलेला आहे.

बाकीचे सगळे निर्णय वर्षानं घेतले. वर्षा म्हणजे माझी बायको. गोंदियात घर कोणत्या वस्तीत घ्यायचं, मुलीला शिकायला नागपूरला ठेवायचं की पुण्याला पाठवायचं, भिंतींना पिवळा रंग द्यायचा की दुसरा पिवळा, हे सगळं तिनं ठरवलं आणि सगळं बरोबर निघालं. त्यातली सर्वांत वाईट गोष्ट हीच. कोरोनात मात्र भांडीवाली बाई येईना, साबणानं वर्षाचे हात सोलून निघाले, तेव्हा मी कोणालाही न विचारता डिशवॉशर मागवलं. (ते उतरवणाऱ्या हमालानं "फ्रिज छोटा पडेगा साहब" असं म्हणून माझी कीव केली होती.) ते चाललं. उत्तम चाललं! पुढे कित्येक दिवस आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी मी मशीन दाखवायचो.

या दिवाळीच्या तोंडावर ते आजारी पडलं. पाणी आत घ्यायचं, पण बाहेर सोडायचं नाही. मधेच थांबून गुरगुरायचं. दार उघडलं की आतून आंबलेल्या भाताचा वास यायचा. वर्षा म्हणाली, जुनं झालं, काढा आणि नवीन घ्या. नवीन कोणतं, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. मी म्हणालो, दुरुस्त होतं. आता वरवर पाहता प्रश्न साधा होता, दुरुस्ती की नवीन. पण नवीन आलं असतं तर ते तिच्या पसंतीचं आलं असतं, आणि घरात माझ्या नावावर एकही वस्तू उरली नसती. हे मी तिला सांगितलं नाही. धडधाकट वस्तू टाकून देण्याची आजकालची पद्धत मला पटत नाही, एवढंच म्हणालो. ती म्हणाली की नका पटू देऊ, पण जोवर ठरत नाही तोवर भांडी तुम्ही घासा.

मी घासू लागलो. आमच्या सिंकसमोर खिडकी आहे आणि त्या खिडकीसमोर शेजारच्या भाभींची खिडकी आहे. भाभी रायपूरच्या. त्यांनी पहिले दोन-चार दिवस नुसतं पाहिलं. मग एकदा फारच मायेनं विचारलं, "भाईसाहब, मशीन तो है ना आपके यहाँ?" मी म्हणालो, है. त्या म्हणाल्या, अच्छा. त्यानंतर त्या रोज त्याच वेळेला खिडकीत भाजी निवडायला बसू लागल्या.

कंपनीचा मेकॅनिक नागपूरला होता. त्याला फोन केला, तर माणूस सज्जन निघाला. सगळं ऐकून घेतलं, हळहळला, आणि म्हणाला की एका मशीनसाठी गोंदियापर्यंत येणं परवडत नाही, तिकडून आणखी एखादी तक्रार आली की दोन्ही एकदम करून टाकतो. म्हणजे आता गावात दुसऱ्या कोणाचं तरी डिशवॉशर बिघडणं मला भाग होतं. माझं दुकान बारदान्याचं. सगळ्या राइस मिलवाल्यांना पोती मीच पुरवतो, त्यामुळे कोणाच्या घरात काय आहे ते मला ठाऊक असतं. एका मिलमालकाकडे होतं. मोठ्या आशेनं चौकशी केली, तर त्याच्या बायकोनं त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. न चालवल्यामुळे ते बिघडतच नव्हतं. एकदा चालवून तर बघा, असा मी त्याला आग्रह केला. तो म्हणाला, और अचार कहाँ रखूँ?

शेवटी वर्षाच म्हणाली, "बाबाले दाखवून पाहू."

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. घरी धानाची शेती, पण नाव झालं ते बैल पाहण्यात. बैल विकत घ्यायचा असो की म्हातारा झाला म्हणून काढायचा असो, आसपासच्या गावांतून मामाजींना बोलावणं यायचं. ते दात बघायचे, खूर बघायचे, पाठीवर थाप मारून कान लावायचे, चालवून बघायचे आणि निकाल द्यायचे. त्यांचा निकाल कधी कोणी फिरवला नाही. पुढे बैल कमी झाले तसं लोक त्यांना जुनी मोटरसायकल, पाण्याचा पंप, असं काहीबाही दाखवू लागले. आणि जावई.

होय, मलाही त्यांनी पाहिलं होतं. मुलगी बघायला आम्ही गेलो, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर मामाजी मला म्हणाले, जरा त्या विहिरीवरून हात धुऊन या. विहीर अंगणाच्या पार टोकाला. हात धुवायला तांब्या तर इथेच होता. तरी मी गेलो आणि आलो. लग्नानंतर मला कळलं की ती माझी चाल पाहिली होती. त्यावर त्यांनी घरात काय निकाल दिला, ते मात्र मला कधीच कोणी सांगितलं नाही. वर्षाला विचारलं की ती हसायची आणि विषय बदलायची. इतक्या वर्षांत मामाजी माझ्याबद्दल बरं किंवा वाईट एक शब्द बोललेले नाहीत. त्यांच्यासमोर मी अजूनही जरा जपूनच चालतो.

मामाजी म्हातारं जनावर ठेवू देत नाहीत, याची वर्षाला खात्री होती. म्हणून तिनं त्यांना बोलावायचं ठरवलं. मी नाही म्हणू शकत नव्हतो, कारण जावयानं सासऱ्याच्या नजरेला नाही म्हणायचं म्हणजे मग बोलायलाच नको. मामाजी म्हणतील ते दोघांनीही मान्य करायचं, असं ठरलं.

भाऊबीज झाल्यावर मामाजी सकाळच्या गाडीनं आले. सोबत नव्या धानाचे पोहे आणि खांद्यावर दुपट्टा. चहा झाला तसे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आधी लांबूनच मशीनभोवती फिरले. (एक बाजू भिंतीला होती, म्हणून मशीन मला पुढे ओढायला लावली.) मग दार उघडलं, खाली वाकले, आणि ताटल्या उभ्या करायचे जे प्लास्टिकचे दांडे असतात ते बोटानं एकेक हलवून पाहिले. दोन हलत होते.

"वय झालं हाये," ते म्हणाले.

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत भाभी होत्या.

मग त्यांनी मशीनच्या पाठीवर थाप मारून कान लावला. मग म्हणाले, ओझं लावा. बैल रिकामा चालवून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. वर्षानं भाताचा मोठा गंज, कढई, कुकर, सगळं आत कोंबलं आणि मशीन सुरू केली. मामाजी स्टुलावर बसून ऐकत राहिले. ती थोडी चालली, थांबली आणि गुरगुरली.

"पानी पेते का?" त्यांनी विचारलं.

"पिते," मी म्हणालो.

"टाकते का?"

"नाही टाकत."

मामाजींचा चेहरा एकदम उजळला. आंब्याची कोय घशात अडकलेला बैल असंच करतो, असं सांगून त्यांनी बाह्या सरसावल्या, मशीन बंद करायला लावली, आणि कोणी काही बोलायच्या आत कोपरापर्यंत हात तिच्या तळाला घातला. जरा इकडे फिरवला, जरा तिकडे फिरवला. आत काहीतरी कट् असं वाजलं. आणि त्यांनी हात बाहेर काढला, तेव्हा त्यात एक गोल, जाळीदार वस्तू होती. तिच्यावर भाताचा जाड थर बसलेला होता.

"हे पाहा. नरड्यात अडकलं होतं."

आम्ही तिघंही त्या वस्तूकडे पाहत राहिलो. मी मशीनचा मालक. मशीन मी आणली. इतकी वर्षं पाहुण्यांना मीच तिची माहिती देत आलो. मी म्हणालो, "हे आत कसं गेलं?"

वर्षाला वाटलं की एखाद्या पाहुणीच्या हातून गाळणी पडली असेल. मामाजींनी मशीन पुन्हा सुरू करायला लावली, आणि तिनं सगळं तुंबलेलं पाणी एका दमात सोडलं. सिंकखालचा पाइप थरथरला. मला गहिवरून आलं. खरंच आलं. मामाजींनी हात पुसले आणि निकाल दिला.

"जनावर म्हातारं हाये. कामाले सुस्त हाये. गुरगुरते. पन लात नाई मारत. ठेवा."

इथे वर्षा का कोण जाणे, पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत निघून गेली. तिचा निकाल फिरला म्हणून तिला वाईट वाटलं असेल असं समजून मी मनातल्या मनात उदार झालो. मामाजींनी ती जाळीदार वस्तू धुऊन दुपट्ट्यात बांधली, गावात दाखवायला बरी म्हणून. मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते मशीनबद्दलच बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मशीन पाणी सोडू लागली, आणि भातही. एखाद्या ताटलीचं शीत ती सगळ्या ताटल्यांना सारखं वाटून द्यायची. पेल्यांच्या तळाशी शितं, चमच्यांवर शितं, कपाच्या कानाला शितं. वर्षा ताटली उजेडात धरायची, शीत नखानं काढायची आणि म्हणायची, बाबानं तर बरी केली होती. मीही म्हणायचो, हो ना.

त्याच आठवड्यात नागपूरच्या मेकॅनिकचा फोन आला. गोंदियात दुसरी तक्रार मिळाली होती. (मिलमालकानं माझ्या आग्रहाखातर लोणचं बाहेर काढून मशीन चालवून बघितली होती.) मी त्याला म्हणालो की आमची आता बरी आहे, फक्त भात उडवते. तो म्हणाला, "साहब, नीचे का फिल्टर लगा है ना? गोल, जाली वाला?"

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. मग त्यानं समजावलं. ती जाळी मशीनचाच भाग. ती काढून धुवायची असते, दर आठवड्याला. कधी धुतली होती का, असं त्यानं विचारलं. राइस मिलवाल्यांना पोत्यात तांदूळ कुठे अडकतो ते समजावून सांगणारा मी! दर आठवड्याला? असं मीच त्याला उलट विचारलं. जाळीशिवाय चालवलीत तर पंप जाईल, असंही तो म्हणाला. आणि हे मॉडेल बंद झालंय, नवीन जाळी मिळणार नाही. तुम्ही येताय ना मग, असं मी विचारलं. तो म्हणाला, "फिल्टर है तो मेरी ज़रूरत नहीं. नहीं है तो मैं आके भी क्या करूँगा?"

मी वर्षाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा म्हणेल की बघा, मी नवीन घ्या म्हणत होते. ती दोन्ही करेना. बराच वेळ ओट्यावरचं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "बाबाले सांगू नका. आता बैल पाहाले कोनी बोलावत नाही त्याले. किती दिवसांनी कोनी काही दाखवलं."

ते मलाही कळत होतं. पण जाळी तर हवी होती, नाहीतर पंप गेला असता आणि पंपासोबत माझा निर्णय. सुदैवानं मामाजींच्या गावची मंडई तोंडावर आली होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. दुकानं, पाळणे, नाटक, आणि घरोघरी पाहुणे. आम्ही जाणारच होतो. गर्दीत जाळी हळूच काढून आणायची, असा मी बेत केला. ती जागेवर नाही हे लक्षात येऊ नये म्हणून मंडईतल्या भांड्यांच्या दुकानातून तशीच दिसणारी एक चहाची गाळणी घेतली आणि तिची दांडी मोडून टाकली. हे करताना मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. माझ्या बाबतीत ही नेहमीच वाईट खूण असते.

जाळी मामाजींच्या पडवीत खिळ्याला टांगलेली होती. खाली बाजेवर पाहुणे बसायचे आणि मामाजी त्यांना गोष्ट सांगायचे. दुपारी आत असलेल्या वर्षाखेरीज सगळे मंडईत गेले तसा मी बाजेवर चढलो. एक हात खिळ्यावर, दुसऱ्या हातात दांडी मोडलेली गाळणी. आणि तेवढ्यात मामाजी नव्या पाहुण्यांची एक अख्खी रांग घेऊन दारातून आत आले.

"काय करून राहिले, जवाईबापू?"

पुसून ठेवतोय, असं मी म्हणालो. पण त्यांची नजर माझ्या दुसऱ्या हातावर गेली होती. त्यांनी ती गाळणी घेतली, उलटीसुलटी पाहिली, आणि पाहुण्यांकडे वळले.

"आनखी एक निघालं?"

बाजेवर उभ्या असलेल्या माणसाला फार पर्याय नसतात. मी म्हणालो, "हो. काल निघालं."

पाहुण्यांत कुजबुज झाली. दोन्ही वस्तू हातोहात फिरल्या. वर्षा आतून दाराशी येऊन उभी राहिली. पाहुण्यांतले एक चुलत सासरे होते, त्यांची धानाची चक्की. त्यांनी जाळी उजेडात धरली, बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाले, "हा मशीनचाच भाग तं नसन?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे फार म्हातारे दिसले. मला वाटलं की त्यांना त्याच क्षणी शंका आली असावी, आणि ती खरी आहे की नाही हे आता मी सांगायचं होतं. मशीन माझी. तिच्यातला जाणकार म्हणवणारा माणूस मी. खरं सांगितलं असतं तर जाळी मिळाली असती, मशीन वाचली असती, घरातला माझा एकुलता एक निर्णय वाचला असता.

"नाही," मी म्हणालो. "बाहेरचंच आहे. मामाजींनी काढलं म्हणून वाचली मशीन."

चक्कीवाल्या काकांनी जाळी परत दिली. मामाजींनी ती पुन्हा खिळ्याला टांगली आणि तिच्या शेजारी माझी गाळणी टांगली. मग पाहुण्यांकडे वळून, मला बाजेवर तसाच उभा ठेवून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले:

"या पोराले पाह्यलं होतं तवाच मी घरात सांगितलं होतं. कामाले सुस्त हाये, गुरगुरते, पन लात नाई मारत. देऊन टाका पोरगी."

दाराशी वर्षानं पदर तोंडाला लावला, आणि स्वयंपाकघरातून ती त्या दिवशी का निघून गेली होती ते मला कळलं. इतकी वर्षं वाट पाहिलेला निकाल हा असा निघाला! आणि तरी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. आपल्याला एक माणूस एवढं नीट ओळखून होता आणि तरीही त्यानं मुलगी दिली, हे काही कमी नाही. मी बाजेवरून खाली उतरलो. उतरताना जरा जपूनच उतरलो, कारण ते बघत होते.

जाळी आता कायमची त्या खिळ्यावर आहे. मामाजींनी ठेवा म्हटलंय, म्हणून वर्षा मशीन काढू देत नाही. जाळी नाही, म्हणून मशीन दुरुस्त होत नाही. पंप जाऊ नये, म्हणून मी प्रत्येक भांडं एकही शीत राहणार नाही असं घासून, विसळून, पुसून आत ठेवतो, आणि मग मशीन सुरू करतो. भाभींनी परवा विचारलं, ठीक हो गई? मी म्हणालो, हो गई. त्यांनी माझ्या हातातल्या घासणीकडे पाहिलं आणि भाजी घेऊन आत गेल्या.

अजून काही अडकलं असेल तर काढून देतो, म्हणून मामाजी पुढच्या महिन्यात यायचं म्हणतात. तोवर दर रविवारी फोन करतात. वर्षा फोन मशीनजवळ धरते, ते गुरगुरणं ऐकून घेतात, आणि मग तिला विचारतात, काम करते का. ती माझ्याकडे बघत म्हणते, करते. ते विचारतात, लात तं नाई मारत? ती म्हणते, नाही. हे सगळं ते नक्की कोणाबद्दल विचारतात, ते मी अजून विचारलेलं नाही. त्या वेळी माझे हात साबणात असतात.